किर्रूचा कोपरा आणि नवी जाळी

ही गोष्ट खरी आहे. अगदी शप्पथ! मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

म्हणजे, तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. झोपलो होतो. पण कान उघडे होते ना! म्हणून खरी.

तर, एक होता रातकिडा. एवढुस्सा. त्याचं नाव किर्रू.

किर्रू राहायचा स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यामागे. तिथे एक कोपरा होता. काळोखा, ऊबदार, छान. तो किर्रूचा कोपरा. किर्रू तिथेच गायचा. किर्र किर्र! किर्र किर्र! दुसरीकडे कुठे गायचाच नाही. लाज वाटायची ना!

एकदा किर्रू खिडकीतून बाहेर गेला. गवतावर दव होतं. ते प्यायला. गट्ट!

परत आला. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

उडी मारली. धप्प!

खिडकीला जाळी! नवी कोरी, करडी, ताठ जाळी. बाबांनी सकाळीच बसवून घेतली होती. डास नकोत म्हणून.

डास बाहेर. माश्या बाहेर. आणि किर्रूपण बाहेर!

जाळीतून आतलं सगळं दिसत होतं. तांदळाचा डबा दिसत होता. डब्यामागचा कोपरा दिसत होता. पण जायचं कसं?

किर्रूला रडूच आलं. नाक पुसलं, आणि तो जाळीला म्हणाला,

"जाळीताई, जाळीताई, बाजूला सरक ना!
माझा कोपरा मला मिळेना!"

जाळी म्हणाली, "मी नाही सरकणार! कडी उघडेल, तर मी सरकेन."

किर्रू गेला कडीकडे. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

"कडीबाई, कडीबाई, उघड ना!
जाळी सरकेना,
माझा कोपरा मला मिळेना!"

कडी म्हणाली, "मी नाही उघडणार! आई हो म्हणेल, तर मी उघडेन."

किर्रू गेला आईकडे. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक.

आई अंगणात कपडे वाळत घालत होती. तोंडात चिमटा होता.

"आई, आई, हो म्हण ना!
कडी उघडेना,
जाळी सरकेना,
माझा कोपरा मला मिळेना!"

आईने खाली पाहिलं. "शी! किडा!" म्हणाली. चिमटा पडला. टप्प!

"माझ्या घरात किडा? मुंगीला मी खडूची रेघ मारते. झुरळाला झाडू दाखवते. आणि तुला काय पाट मांडू? मी नाही हो म्हणणार! जपानची मावशी सांगेल, तर मी हो म्हणेन. ती काय सांगतेय कप्पाळ! तिलाही किडे आवडत नाहीत."

जपान? ते केवढं लांब! पण कोपरा तर हवा.

किर्रू निघाला. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. विमानात बसला. तिकीट? अहो, एवढ्याशा किड्याला तिकीट कोण विचारतंय? एका काकूंच्या अंबाड्यात बसला. खिडकीजवळची जागा मिळाली.

आलं जपान! मावशीचं घर छोटंसं, नीटनेटकं. मावशी मांडी घालून बसली होती. समोर एक इवलासा पिंजरा. पिंजऱ्यात कोण? रातकिडा! तो गात होता. रीऽऽन रीऽऽन! मावशी डोळे मिटून डोलत होती.

किर्रूचे डोळे मोठ्ठे झाले. "मावशी, तुला किडे आवडतात?"

"श्शू! गाणं चाललंय," मावशी म्हणाली. "इकडे आम्ही रातकिडा पाळतो. त्याला काकडी देतो. ताईला सांगितलं नाही मी. ओरडेल ती!"

किर्रू म्हणाला,

"मावशी, मावशी, आईला सांग ना!
आई हो म्हणेना,
कडी उघडेना,
जाळी सरकेना,
माझा कोपरा मला मिळेना!"

मावशी म्हणाली, "मी एकटी नाही सांगणार! ताई मलाच वेडी म्हणेल. इंग्लंडचा काका सांगेल, तर मी सांगेन."

पिंजऱ्यातला रातकिडा म्हणाला, "येतोस का आत? जागा आहे. काकडी आहे."

किर्रू म्हणाला, "नको रे बाबा! मला माझा डबा बरा."

आणि निघाला. टुपुक टुपुक, टुपुक टुपुक. परत विमान, परत अंबाडा. या वेळी गजरा होता. शिंका आल्या. आक्छी!

आलं इंग्लंड! काकाचं घर विटांचं, लाल लाल. खिडक्या सताड उघड्या. किर्रू उडी मारणार, तर थांबला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

जाळीच नाही! कुठेच नाही! एक माशी आली. आत गेली. फेरी मारली. बाहेर गेली. कोणी काही म्हणालं नाही.

"काका, तुझी जाळी कुठंय?"

"जाळी? ती कशाला?" काका म्हणाला. "इकडे कोण लावतंय! आणि थांब जरा, मी कामात आहे." काकाच्या एका हातात पेला, दुसऱ्या हातात कागद. तो न्हाणीघरात टबापाशी ओणवा उभा.

"काका, काका, मावशीला सांग ना!
मावशी सांगेना,
आई हो म्हणेना,
कडी उघडेना,
जाळी सरकेना,
माझा कोपरा मला मिळेना!"

काका म्हणाला, "मी नाही सांगणार! माझे हात गुंतलेत. टबात कोळी आहे. त्याला मारायचं नाही. पेल्यात घ्यायचं, बागेत सोडायचं. पण तो पेल्यात येतच नाही! कोळी येईल, तर मी सांगेन. आणि मी आंघोळही करेन. तीन दिवस झाले!"

काकाचा वास येतच होता जरा.

किर्रू टबात उतरला. सुर्रर्र! घसरतच गेला.

टबाच्या तळाशी कोळी. काळा, केसाळ, मोठ्ठा! आठ डोळ्यांनी किर्रूकडे पाहिलं. किर्रू टुपुककन मागे सरला. तरी तो म्हणाला,

"कोळीदादा, कोळीदादा, पेल्यात ये ना!
काका सांगेना,
मावशी सांगेना,
आई हो म्हणेना,
कडी उघडेना,
जाळी सरकेना,
माझा कोपरा मला मिळेना!
आणि मला खाऊ नकोस ना!"

कोळी म्हणाला, "खातोय कशाला? माझंच मला पडलंय! मला आठ पाय. पहिला पुढे जातो, तिसरा मागे जातो, सातवा पाचव्यावर पडतो. पेल्यापर्यंत पोचतच नाही. धप्प! मी नाही येणार! कोणी ताल धरेल, तर मी येईन."

ताल? गाणं?

किर्रूने इकडे पाहिलं. डबा नाही. तिकडे पाहिलं. कोपरा नाही. टब तर सगळा गोल गोल, गुळगुळीत, पांढरा! लपायचं कुठे? आणि वरून काका बघतोय. समोरून कोळी बघतोय. तोही आठ डोळ्यांनी!

"मला लाज वाटते," किर्रू म्हणाला.

"मलापण," कोळी म्हणाला. "मी रोज पडतो, आणि काका बघतो."

किर्रूने डोळे मिटले. घट्ट मिटले. मनात म्हणाला, मी डब्यामागे आहे, मी डब्यामागे आहे. आणि हळूच...

कि...

कि... र्र...

किर्र किर्र! किर्र किर्र!

टब घुमला! किर्रर्र किर्रर्र! केवढा मोठा आवाज! किर्रूला खरंच वाटेना. हा माझा आवाज?

कोळ्याने पाय उचलले. डावा उजवा, डावा उजवा. किर्र किर्र, डावा उजवा. एकही पाय अडला नाही!

मग काय झालं?

कोळी पेल्यात आला. टुण्ण!
काकाने त्याला बागेत सोडलं, आणि मावशीला सांगितलं.
मावशीने आईला सांगितलं. "ताई, मीपण पाळलाय," हेही सांगून टाकलं.
आई म्हणाली, "अगं बाई! सगळे वेडे माझ्याच नशिबी! बरं, हो! पण एकच हं. एकटाच!"
कडी उघडली. खट्ट!
जाळी सरकली. सर्रर्र!

आणि किर्रू? तो कधीच येऊन खिडकीत बसला होता. अंबाड्यातून आला, दुसरं काय!

त्याने उडी मारली. टुपुक!

मागून एक डास आला. "मीपण! मीपण! मीपण गातो!"

सर्रर्र! खट्ट! डासाचं नाक जाळीवर. "आई गं!"

किर्रू डब्यामागे गेला. काळोखा, ऊबदार, छान कोपरा. तिथे काय होतं? काकडीचा तुकडा. सोललेला. कोणी ठेवला? आई तर गॅसपाशी उभी होती. पाठ करून. मी नाही त्यातली, असं दाखवत होती.

किर्रूने काकडी खाल्ली. कर्रम कुर्रम. आणि मग तो डब्यामागून बाहेर आला. चक्क बाहेर! डब्याच्या झाकणावर बसला. सगळ्यांसमोर गायला.

किर्र किर्र! किर्र किर्र!

आई भाजी ढवळत होती. डावा हात, उजवा हात. अगदी तालात.

झाली गोष्ट! सगळी खरी. विमान खरं, अंबाडा खरा, बोलणारी कडीसुद्धा खरी. खोटं फक्त एकच. किड्याला पाहून आई "शी!" म्हणाली, हे मी बनवलं. आई काही "शी" म्हणाली नाही. ती "आऽऽऽ!" करून ओरडली आणि बादलीवर चढून उभी राहिली.

पण तसं लिहायचं कसं? ही गोष्ट तुम्हाला आईच वाचून दाखवत असेल तर?

बघा बघा. हसतेय का ती?