मिंगाचं ठिगळ

"आता शिकायचं राहिलंच काय, आजी?"

कांगो देशातल्या कुबा लोकांचं गाव. म्बोयोआजीच्या अंगणात मिंगा ताठ मानेनं उभी होती. हातात कमरेला गुंडाळायचं नवं वस्त्र. राफिया ताडाच्या पानांचे तंतू काढून बापानं विणलेलं, आणि वरची नक्षी हिनं भरलेली. एक टाका चुकला असेल तर शपथ!

संध्याकाळी नाच होता. आजीनं मान डोलावली, तरच मिंगाला ते नेसून भरतकामवाल्या बायकांच्या रांगेत नाचता येणार होतं.

"नेस," आजी म्हणाली.

मिंगा नेसली.

"आता बस."

वस्त्र करकरलं, पण वाकेना. मिंगा बिचारी अर्ध्यातच अडकली. आजीला हसू आवरेना.

"मऊ व्हायला कुटलं नाहीस?"

"कुटलं तर फाटेल, आजी!"

"आणि नाही कुटलं तर?"

आजीनं अंगणातल्या उखळाकडे बोट केलं.

उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, म्हणतात. मिंगानं डोकं आनंदानं घातलं असतं; इथं तर वर्षभराची मेहनत घालायची होती. तरी तिनं वस्त्र सोडून उखळात घातलं आणि मुसळ उचललं. कुटता कुटता वस्त्र मऊ पडत गेलं, मिंगाचा जीवही जरा भांड्यात पडला... आणि टर्रकन आवाज झाला.

मधोमध भोक!

"गेलं सगळं!" मिंगाला रडू फुटलं.

आजीनं स्वतःच्या वस्त्राचा घेर पुढं ओढला. त्यावर जागोजाग तुकडे शिवलेले होते, कुठं पान, कुठं गोल, कुठं वाकडी शेपटी. सगळा गाव या नक्षीवर जीव टाकायचा. मिंगा तर लहानपणापासून.

"यातलं कुठलं आवडतं तुला?"

"हे... पान."

"उलटून बघ."

मिंगानं उलटून पाहिलं. पानाच्या मागं भोक. गोलाच्या मागं भोक. शेपटीच्या मागं तर चांगली लांबलचक चीर!

रडता रडता मिंगाला हसू फुटलं. वस्त्र पुन्हा नेसून ती सुई घेऊन बसली. हो, बसली, आणि वस्त्र मुकाट्यानं तिच्याबरोबर वाकलं. भोकावर तिनं इवलासा पक्षी शिवला आणि उड्या मारतच आजीपुढं धरला.

"आता येऊ नाचायला?"

आजीनं पक्ष्यावरून बोट फिरवलं. मग मुसळ उचलून मिंगाच्या हातात दिलं.

"एकटाच आहे गं बिचारा, सोबत हवी त्याला. कूट अजून."