सोन्याच्या कड्यांचे मासे

फार पूर्वी उदुंबर नगरीत महीसेन राजाचा अंमल होता आणि त्या जन्मी बोधिसत्त्व त्याच्या पदरी अमात्य होते. राजा मनाने वाईट नव्हता. त्याला नाद एकच, गळ टाकून मोठे रोहित मासे धरण्याचा. मासा तो खात नसे. खेळवून दमवलेला मासा सेवक कल्ल्यात बोटे घालून उचलत आणि वाळूवर ठेवत. दरबारी मंडळी वाहवा करत. मग सोनार त्याच्या पराला सोन्याचे कडे अडकवी, महाराजांनी याला अभय दिले असे भाट ओरडून सांगे, आणि मासा पाण्यात भिरकावला जाई. आपण जगवलेले मासे नदीभर फिरत आहेत, या विचाराने राजाला शांत झोप लागे.

एकदा बोधिसत्त्व राज्याच्या कामाने नदीच्या खालच्या वळणावर गेले. तिथे लव्हाळ्यात मेलेले रोहित अडकले होते आणि प्रत्येकाच्या पराला कडे होते. राजाला आपल्या दयेचा केवढा अभिमान आहे, हे ते जाणून होते. त्याला हे सांगणे म्हणजे अमात्यपदावर पाणी सोडणे. त्यांना माशांचे वाईट वाटले आणि स्वतःची थोडी भीतीही वाटली. तरी त्यांनी कडी सोडवून उपरण्यात बांधली.

पुढच्या पर्वणीला राजाच्या गळाला कधी नव्हे एवढा मोठा रोहित लागला. राजा त्याला हौसेने खेळवू लागला. मासा थकून आडवा झाला, सेवक सरसावले, तोच बोधिसत्त्वांनी कडी राजाच्या पायांशी ठेवली आणि ती कुठे सापडली ते सांगितले. सोनाराच्या तोंडचे पाणी पळाले.

राजाचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. "मग याला मारून टाकू का?"

"नको, महाराज. पाण्यात उतरा आणि पाण्यातच सोडा. ओल्या हातांनी पोटाखाली आधार द्या, तोंड प्रवाहाकडे करा. तो आपणहून जाईपर्यंत धरून ठेवा."

"आणि तो जगला, हे मला कळणार कसे?"

"कळणार नाही, महाराज."

कड्यांपेक्षा हे उत्तर राजाला जास्त झोंबले. पण तो भरजरी वस्त्रांनिशी छातीइतक्या पाण्यात उतरला. गळ त्याने पाण्यातच अलगद काढला. मासा जड होता, कल्ले जेमतेम हलत होते. भाटाने तोंड उघडताच राजाने मानेनेच त्याला थांबवले. बऱ्याच वेळाने शेपटी हलली आणि राजाचे हात रिकामे झाले. काठावरच्यांना फक्त त्याची भिजलेली पाठ दिसली.

राजाचा नाद लगेच सुटला, असे काही नाही. पण तो जाड दोर वापरून खेळ लवकर आटोपू लागला आणि सोनाराला घाटावर काम उरले नाही.

ही कथा सांगून भगवान म्हणाले, "पिंजऱ्यातले पक्षी सोडवून ते गावभर सांगत फिरणारा हा भिक्षू चंदक तेव्हा राजा होता आणि अमात्य मी होतो. करुणा खरी, पण तिला जाणतेपणाची जोड हवी."

चंदकाने खाली मान घालून विचारले, "आणि तो मासा आज कोण आहे?"

"ते कसे सांगू?" भगवान म्हणाले. "त्याच्यावर खूण नव्हती."