जेवलीस का?

"जेवलीस का?"

अनोळखी नंबरावरून आलेला हा मेसेज वाचून वैजूच्या हातातला घास हातातच राहिला. संध्याकाळपर्यंत आणखी कितीतरी अनोळखी पुरुषांना तिच्या जेवणाची काळजी लागली. एकाने तर "फोटोत बारीक दिसतेस" असंही कळवलं.

शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. रत्नाकरमामांनी लग्नासाठी तिचा बायोडेटा, फोटो आणि फोन नंबरासकट, वधूवरांच्या ग्रुपवर टाकला होता. मामा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्यापुढे घरात कुणी ब्र काढत नसे. तरी वैजूने धीर करून फोन लावला.

"मामा, मला न विचारता माझा नंबर टाकलात?"

"मग? लपवायला आपण काय चोर आहोत? लोक आपुलकीनं विचारतात, त्यात घाबरतेस काय, भित्री भागूबाई!"

वैजूने विचारलं, "मग बायोडेटाखाली तुमचाही नंबर टाकू? 'आधी मुलीच्या मामांशी बोलावं, कधीही', असं लिहून?"

"खुशाल टाक! मी काय कुणाला भितो?"

रीतसर परवानगी मिळाली, तसा वैजूने त्या ग्रुपवर मामांचा नंबर टाकला.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन लागेना. सकाळी बिझी, दुपारी बिझी. मामांना काही झालं तर नाही ना, या धास्तीने वैजू पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. अखेर संध्याकाळी तो लागला. स्क्रीनकडे न बघताच मामा ओरडले,

"जेवलोय हो, जेवलोय! आणि भाचीचा नंबर काढून टाकलाय मी. आता तिला विचारल्याशिवाय तो कुणालाही मिळणार नाही!"