ढोलीचं दार

पाखरं तोंडावर खरं बोलायची, त्या काळातली गोष्ट. धनेश पाखरांची रीतच अशी, की पिल्लाच्या वेळी बायको झाडाच्या ढोलीत बसते, दार चिखलानं लिंपून घेते आणि नवरा फटीतून फळं भरवतो. पण एका धनेशाला कातळावर आंबलेल्या मोहफुलांची चटक लागली.

"उंबरं कुठायत?" धनेशीण आतून विचारी.

"उद्या आणतो गं. आज शेवटचं."

"तुझ्या उद्यावर पिल्लू जगतंय होय रे, मेल्या?"

पिल्लू भुकेनं मलूल झालं, तशी तिनं चिखलाचं दार फोडलं, झिंगलेल्या नवऱ्याला पिल्लाशेजारी कोंबलं आणि दार बाहेरून लिंपलं. तो थरथरला, ओकला, त्यानं शिव्या घातल्या. ती दोघांनाही फटीतून उंबरं भरवत राहिली. हळूहळू शिव्या थांबल्या आणि पिल्लाला निजवणारा त्याचा आवाज येऊ लागला.

पिल्लाला पंख फुटल्यावर तिनं दार फोडलं. धनेश उडाला तो थेट मोहाकडे! तिचा जीव टांगणीला लागला. पण मोह ओलांडून तो उंबरावर उतरला आणि चोच भरून परतला.

"पंख अजून तिकडंच वळतात गं," तो पुटपुटला.

"वळू देत," ती म्हणाली. "आणलंयस ना? मग भरव पोराला."