तिसरी पोथी

एका राज्यात पाखरांनी बोलावे आणि माणसांनी गप्प बसावे, अशी रीत पडली होती. राजा धैर्यसेनाने कृताक्ष मांत्रिकाच्या सल्ल्याने तीन पोथ्यांवर बंदी घातली. वाचणारा दगड होईल, अशी दवंडी पिटली गेली. बऱ्याच वर्षांनी पाठशाळेच्या आचार्यांनी विचारले, "का?" दुसऱ्या दिवशी त्यांच्या आसनावर एक साळुंकी बसलेली होती.

साळुंकी म्हणाली, "मुलांनो, मी तुमचा आचार्य. तिन्ही पोथ्या भर वर्गात वाचाल, तर शाप सुटेल."

पोथ्या पाठशाळेच्याच तळघरात होत्या. राखणीला एक नाग होता. वर्गातल्या चारुमतीने त्याची परवानगी मागितली. आजवर कोणी मागितलीच नव्हती, म्हणून नागाने वाट दिली.

पहिली पोथी चारुमतीने वाचली. ती ग्रहताऱ्यांची होती. कोणीही दगड झाले नाही. मुले आपापले हात चाचपून पाहत राहिली. इतकी वर्षे आपल्याला खोटे सांगितले, हे कोणाला खरेच वाटेना.

दुसरी तिच्याच वर्गातल्या यशोधराने वाचली. तीत या राज्यातून वाहणाऱ्या नदीचे वर्णन होते. मुलांनी जन्मात फक्त आटलेले आड पाहिले होते.

तिसरी प्रधानपुत्र हेमांगाने उघडली आणि पहिल्याच पानावर तो थांबला. नदी कृताक्षाने डोंगरात कोंडली होती, आणि डोंगराची वाट त्याला प्रधानाने दाखवली होती.

"ही मिटूया," यशोधर म्हणाला. "घर मोडणारे कशाला वाचावे?"

"मग राजाने काय वेगळे केले?" चारुमतीने विचारले.

हेमांगाने पोथी पुन्हा समोर ओढली. "दुसऱ्याच्या पित्याचे नाव असते," तो म्हणाला, "तर मी थांबलो नसतो." आणि त्याने मोठ्याने वाचले.

शेवटच्या ओळीला साळुंकीची पिसे गळाली, आचार्य उभे राहिले. डोंगर दुभंगून पाणी खाली उतरले. कृताक्षाची जीभ दगडाची झाली. राजा धावत आला आणि त्याने पोथी वाचली.

"मी ही वाचली नव्हती," तो म्हणाला. "नुसती मोहोर उठवली."

बंदी उठली. प्रधानाचे पद गेले.

हेमांग घरी आला तेव्हा पिता उंबऱ्यात उभा होता.

"तूच वाचलीस?"

"होय, तात."

पित्याने नदीच्या आवाजाकडे कान दिला. मग म्हणाला, "आत ये. पोथीत नाही, तेही मी सांगतो."