वांझ फणसाचा प्रबंध

"पण हे झाड वांझ आहे, हे तुला सांगितलं कोणी?"

नागेशबुवांनी हे विचारलं तेव्हा ते मठाच्या ओसरीवर बसून फणस कापत होते. समोर त्यांचा शिष्य कमलाकर ऐटीत मांडी घालून बसला होता. हातात त्याचा प्रबंध होता: मठाच्या अंगणातल्या जुन्या फणसाला फळ का धरत नाही, याची पाच कारणांसह मीमांसा.

उद्या तो पंडितांच्या सभेत वाचायचा होता. सभेने मान डोलावली की पाठशाळेत शिकवायची जागा पक्की. फक्त बुवांनी एकदा 'ठीक आहे' म्हणायचं बाकी होतं. तेवढं तर ते डोळे मिटूनही म्हणतील, असं कमलाकरला वाटत होतं.

"सांगितलं कोणी म्हणजे? चार ग्रंथांत लिहिलंय, बुवा."

"पहिल्यात काय लिहिलंय?"

"दुसऱ्यात पाहावे, असं."

"आणि दुसऱ्यात?"

"तिसऱ्याचा आधार दिलाय. तिसऱ्यात चौथ्याचा."

"चौथ्यात?"

कमलाकरने घसा साफ केला. "चौथ्यात... 'हे सर्वांना ठाऊकच आहे.'"

बुवांनी हसू दाबलं आणि खोबरेलाची वाटी पुढे सरकवली. "हाताला तेल लाव आणि गरे काढून घे. चीक फार आहे."

"नको. प्रबंधावर डाग पडतील."

आणि तो वाचू लागला. वाक्यं अशी लांबलचक की शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरावी. पण कमलाकरला आपलाच आवाज भारी आवडत होता, आणि गरेही. एक कारण वाचून झालं की दोन गरे तोंडात.

"कारण तिसरे. प्रस्तुत वृक्षाच्या ठायी फलधारणेचा जो आत्यंतिक अभाव..."

पान उलटेना. बोटांना चिकटलं होतं. ते सोडवायला दुसरा हात लावला, तर तोही चिकटला.

"घे आणखी," बुवा म्हणाले.

"घेतो ना! काय गोड आहे हो बुवा! कुठला हा?"

"तिथला." बुवांनी सुरीचं टोक अंगणातल्या झाडाकडे केलं.

कमलाकरचा घास तोंडातच राहिला.

"पण... एकाही फांदीवर फळ नाही. मी रोज बघतो!"

"वर बघतोस. हे म्हातारं झाड मुळांवर धरतं, मातीच्या आत. जमीन तडकते, वास सुटतो, मग खणून काढायचा."

कमलाकरचे कान लाल झाले. उद्याची सभा, पाठशाळेतली जागा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. पण हार मानेल तर तो कमलाकर कसला! त्याने चिकट हातानेच लेखणी उचलली, पाचही कारणांवर काट मारली आणि खाली एक ओळ लिहिली. मग ती मोठ्याने वाचून दाखवली.

"'या वृक्षास मुळाशी फळ येते, असे साक्षात गुरुवर्य नागेशबुवा सांगतात.' आता तरी ठीक आहे?"

"आणि हा फणस मी बाजारातून आणला असेल तर?"

"आणलाय?"

बुवांनी एक गरा तोंडात टाकला आणि सावकाश चावत बसले.

कमलाकरने बुवांकडे पाहिलं, मग झाडाकडे. बुंध्याशी पाचोळ्याचा ढीग साचला होता. इतक्या दिवसांत तो तिथवर एकदाही गेला नव्हता. मग त्याची नजर स्वतःच्या हातांवर आली. एका हाताला कारण तिसरे चिकटलं होतं, दुसऱ्याला कारण चौथे. त्याला एकदम हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. सभेची धास्तीही त्या हसण्यात कुठल्या कुठे गेली.

त्याने कागद कसेबसे सोडवून ओसरीवर ठेवले, भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली आणि अंगणात उतरला.

"कमलाकर!" बुवांनी मागून हाक मारली. "हाताला तेल लावून जा."