सॉरीचा धोंडा

हाडमोडीच्या वेशीवर हा काळा धोंडा दिसतो ना, पंज्याएवढा खळगा पडलेला, त्याला सॉरीचा धोंडा म्हणतात. शेंदूर नाही, नारळ नाही. हसू नका, आधी ऐका.

साहेबाच्या राज्यात इथं भिकोबा नावाचा पैलवान होता. छावणीत हमाली करताना एका गोऱ्याच्या घोड्यानं त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. गोरा 'सॉरी' म्हणाला नि दौडत निघून गेला. भिकोबाला शब्द फार आवडला म्हणे. एवढासा शब्द, आणि ना फिर्याद, ना पंचायत!

गावी परतला तो तेवढंच इंग्रजी घेऊन. वाण्याचे दात पाडले, सॉरी. न्हाव्याचं नाक फोडलं, सॉरी. सासऱ्याला आडात ढकलला आणि दोर सोडायच्या आधी वरून सॉरी. गाव मार खाई नि वर त्याच्या इंग्रजीचं कौतुक करी. शहाणं गाव!

एकदा सखा कुंभाराकडून आणलेलं मडकं भिकोबाच्या घरी गळलं. भिकोबानं त्याचा उजवा हात याच धोंड्यावर दाबला आणि वेशीलगतच्या सखाच्याच अंगणातल्या वरवंट्यानं ठेचला. 'सॉरी,' म्हणाला नि वळला.

सखाची बायको तुळसा वाटेत उभी. 'थांब मुडद्या. त्या शब्दाचा अर्थ सांगून जा.'

अर्थ त्याला कुठला ठाऊक! पारावर साहेबाचा म्हातारा खानसामा बसला होता. तो म्हणाला, 'बाई, तुझं दुखणं मलाही दुखतंय, असा अर्थ. ज्याला दुखत नाही त्यानं तो शब्द तोंडात घेऊ नये.'

'मग दाव की रं,' तुळसा म्हणाली, 'कुठं दुखतंय तुला?'

भिकोबा हसला. मग त्याची नजर सखाकडे गेली. सखा डाव्या हातानं उजवी बोटं जुळवत होता, ओलं मडकं सावरावं तशी. ती बोटं आता चाकावर कधीच फिरणार नव्हती. भिकोबाच्या बरगड्या ठणकल्या, असं सांगतात. त्यानं आपला उजवा पंजा धोंड्यावर ठेवला, डाव्या हातानं वरवंटा उचलला आणि हाणला. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या घावाला हाडांचा आवाजसुद्धा आला नाही.

'सॉरी,' तो कण्हला.

'आता बरोबर म्हणालास,' खानसामा म्हणाला.

पुढं दोन डाव्या हातांनी मिळून एक चाक चालवलं म्हणे. मडकी वाकडी व्हायची, पण गळायची नाहीत.

आजही इथं कुणी सॉरी म्हटलं की त्यानं हात धोंड्यावर ठेवायचा आणि दुखावलेल्यानं वरवंटा उचलायचा. हाणायचा की खाली ठेवायचा, ते उचलणारा ठरवतो. मघाशी गाडीतून उतरताना तुमच्यातल्या एका पाहुण्यानं एका म्हाताऱ्याच्या पायावर बूट ठेवला, आणि काय बरं म्हणाला? या, पुढं या. हात उजवाच हं.